दुसऱ्यांची मतं मोजतोस, तुझं कुठे आहे?

परवा पानठेल्यावर तुझं प्रवचन ऐकलं. महाल यांचा, मोमिनपुरा त्यांचा, गोळीबार चौकातले हलबा नाराज, इंदोरा निळा, जरीपटक्यातले व्यापारी ठरलेले. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडून निकालही लावून टाकलास. आता एवढंच सांग, मतदानाच्या दिवशी तुझ्या बोटाला शाई होती का?

नव्हती. मला ठाऊक आहे. 19 एप्रिल 2024, शुक्रवार. शनिवार-रविवार जोडून आले आणि तू पचमढी गाठलीस. वर तोंड करून सांगतोस, ऊन फार होतं! गडचिरोलीत सावली पडली होती का? तिथे नक्षलग्रस्त भागात दुपारी तीनलाच मतदान आटोपावं लागलं. माणसं जंगलातल्या वाटा तुडवत केंद्रावर आली. तरी गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास 72 टक्के मतदान झालं. आपल्या शिकल्यासवरल्या नागपुरात? 54. मतदार 22 लाखांवर, म्हणजे 10 लाख लोक फिरकलेच नाहीत. निवडून आलेल्या गडकरींना मतं पडली 6 लाख 55 हजार. तुझ्या त्या तक्त्यात या 10 लाखांचा रकाना कुठे होता रे?

‘माझ्या एका मताने काय होतं?’ हे दुसरं रडगाणं. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या पोराच्या तोंडी हे शोभतं? 2019 ची विधानसभा आठव. मध्य नागपूरचा फैसला 4,008 मतांनी झाला. दक्षिण नागपूरचा 4,013 ने. मध्य नागपुरात त्या वेळी तीन लाखांवर मतदार होते आणि निम्म्याच्या आसपासच बाहेर पडले. एवढ्या मतांचा फरक एखाद्या प्रभागातले झोपलेले लोक भरून काढू शकतात.

आणि ज्या वस्त्यांच्या नावाने तू शिक्के मारतोस, त्यांची तुला ओळख तरी आहे का? महाल आणि मोमिनपुरा एकाच मतदारसंघात, मध्य नागपुरात आहेत, आमदार एकच. मध्येच तांडापेठेसारखी हलबा विणकरांची वस्ती. जात प्रमाणपत्रासाठी किती वर्षं झगडतोय तो समाज! 2024 च्या विधानसभेत मोठ्या पक्षांनी हलबा उमेदवार दिला नाही, तेव्हा अपक्ष रमेश पुणेकरांना 23 हजारांवर मतं पडली. विजयातला फरक होता 11,632. याला ‘नाराजी’ म्हणून मोकळा होतोस? ती माणसं रांगेत उभी राहिली, आपलं म्हणणं यंत्रात नोंदवून आली. तू काय नोंदवलंस?

‘आपलं नागपूर ठरलेलंच असतं’ म्हणतोस. कोणी शिकवलं तुला हे? मी तर नाही. संघाची स्थापना इथली, 1925 ची. पण भाजपचा पहिला खासदार या शहराने निवडला तो 1996 मध्ये, आणि तो होता काँग्रेसकडून दोनदा खासदार झालेला बनवारीलाल पुरोहित. पुढे 1998 पासून सलग चार वेळा काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. 1971 मध्ये इंदिराबाईंची लाट असताना याच शहराने वेगळ्या विदर्भासाठी जांबुवंतराव धोटेंना पाठवलं. 1977 मध्ये काँग्रेस उत्तरेत वाहून गेली, नागपूर काँग्रेसकडेच राहिलं. तुझ्या त्या ‘निळ्या’ इंदोऱ्याचं उत्तर नागपूर 2014 मध्ये भाजपकडे गेलं आणि 2019 मध्ये परत काँग्रेसकडे. पश्चिम नागपूर भाजपचा गड म्हणायचे, तिथे 2019 ला आणि 2024 लाही काँग्रेसचे विकास ठाकरे निवडून आले. ठरलेलं काय आहे यात? ठरलेला आहे तो तुझा आळस. त्याला तू राजकीय विश्लेषण म्हणतोस.

गडर तुंबलं की मात्र सगळ्यात आधी तुझा आवाज. महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, तेव्हा जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. त्या काळात निवडणूक घ्या म्हणून तू एकदा तरी तोंड उघडलंस? एखादं निवेदन? एखादी सही?

कोणाला मत द्यायचं ते मी कधी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. ज्याला द्यायचं त्याला दे. तुला वाचता येतं, हिशेब येतो, चांगलं-वाईट कळतं, म्हणून तर हा संताप. अडाण्यावर मी शब्द वाया घालवला नसता.

आता यादीत नाव नसल्याचं तुणतुणं बंद कर. नंदनवन सोडून त्रिमूर्तीनगरला येऊन किती वर्षं झाली? फ्लॅटचं वीजबिल नावावर झालं, गॅस झाला, पोराची शाळा झाली. मतदार यादीचंच नेमकं राहिलं? पत्ता बदलायला फॉर्म 8 लागतो, मोबाइलवरही भरता येतो. नवा मतदार असेल त्याला फॉर्म 6. बायकोचं नाव तपास. अठरा पूर्ण झालेल्या भाच्याचंही तपास. मतदार यादीचं काम बघणारा बीएलओ कोण आहे ते शेजाऱ्याला विचार, त्या निमित्ताने शेजाऱ्याचं नावही कळेल तुला.

रविवारी घरी ये. अर्जाचा क्रमांक घेऊन ये, आकडेमोड नको.