आजचे चिंतन : दुसऱ्याचं सुख दिसतं का?

आजचा श्लोक भगवद्गीता ६.३२. सगळ्यांचं सुख आणि दुःख जो स्वतःच्याच सुखदुःखासारखं बघतो, तो श्रेष्ठ योगी, असं भगवान म्हणतात. श्लोकात ‘सुख’ हा शब्द आधी आलाय, दुःख नंतर. आपण वाचताना नेमकं सुखच गाळतो.

आता दोंडाईचा घ्या. खवय्यांना हे गाव मिरचीमुळे माहीत. बाकीच्यांना या भागाचं नाव कळतं ते बातम्यांतून. जवळच्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात? सौर प्रकल्पात जमीन गेली, मोबदला फारच तुटपुंजा. ऐंशी ओलांडलेल्या या शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. ही बातमी दाखवायलाच हवी होती. ‘मीडियावाले नुसतं निगेटिव्ह दाखवतात’ म्हणून ती बाजूला सारणं मला तरी भक्ती वाटत नाही.

पण पुण्यात बसून फोन बघणाऱ्याच्या मनात मग खान्देश म्हणजे भेगाळलेली जमीन आणि रांगेतले हंडे, एवढंच उरतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सुरत-नाशिकला गेलेली भाऊबंदकी घरी येते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी विसर्जन. याची ब्रेकिंग न्यूज कोण करणार?

२०२४ च्या जागतिक आनंद अहवालात १४३ देशांत भारत १२६ वा होता. त्यात माणसाला विचारतात, शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कुठे आहे? कापसाचा भाव पडला त्या दिवशी विचारा आणि कानबाईच्या रात्री विचारा. एकच माणूस दोन आकडे सांगेल, आणि दोन्ही खरे असतील.

मात्र ‘गरीब आहेत, पण बघा किती समाधानी!’ हे वाक्य आलं की मला भीती वाटते. ते म्हणणाऱ्याची सोय होते, मोबदला मागणाऱ्याची नाही. दुसऱ्याचं सुख आपलं मानायचं, तर त्याची अडकलेली फाईलही आपलीच.

मोबदल्याचा अर्ज रखडलेल्या घरातही श्रावणात रोटाचे गहू दळले जातात. दोन्हींतलं खरं कोणतं, असा प्रश्न त्या घरात कोणाला पडत नाही. तो आपल्याला, लांबून बघणाऱ्यांना पडतो.

उद्या ६.३३. हे ऐकून अर्जुनानेही हात टेकलेत. मन इतकं चंचल असताना ही समदृष्टी टिकणार कशी, असं तो विचारतो.