कंटाळा यायचा हक्क कुणाला?

मागच्या वर्षी आमच्या अ‍ॅपमध्ये एक बग होता. काही जुन्या फोनवर फॉर्म भरता भरता अ‍ॅप बंद पडायचं. मी तो दोनदा दुरुस्त केला, दोनदा तो परत आला. तिसऱ्या वेळी मी 'रिझॉल्व्ड' असं टाकून तिकीट क्लोज केलं. बग गेला नव्हता, मला कंटाळा आला होता. माझा फोन नवा, त्यामुळे मला तो कधी दिसणारही नव्हता.

हे मी विसरून गेलो असतो. पण तेव्हाच जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' वाचायला घेतलं होतं. १८७३ सालचं हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलंय. त्यांनी काळ्या लोकांना गुलामीतून मुक्त केलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून. एवढं शाळेपासून माहीत होतं. त्याच १८७३ मध्ये अमेरिकेत काय चाललं होतं, हे मात्र मी कधी बघितलं नव्हतं.

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियाना राज्यातलं कोलफॅक्स गाव. वादग्रस्त निवडणुकीनंतर काळे नागरिक तिथल्या कोर्टाची इमारत राखत होते. गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने तोफ आणली, इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मेलेल्यांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात.

कागदावर तोवर सगळं झालेलं होतं. यादवी युद्ध संपलं त्याच वर्षी, १८६५ मध्ये, घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली. दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच काळ्यांना पुन्हा मळ्यांना बांधून ठेवणारे कायदे केले. त्यावर संसदेने १८६६ मध्ये नागरी हक्कांचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने नकाराधिकार वापरला, तो धुडकावून केला. १८६८ मध्ये नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण, १८७० मध्ये पुरुषांना वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी. त्याच वर्षी हायरम रेव्हेल्स हे पहिले काळे सिनेटर झाले.

मग हे सगळं उलटलं कसं? एका दिवसात नाही. कोलफॅक्सच्या मोजक्याच आरोपींना शिक्षा झाली आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. घटना राज्यांना आवर घालते, खाजगी माणसांना नाही. संरक्षण हवं तर राज्याकडे मागा, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे जिथे टोळ्याच सत्ता हिसकावत होत्या, तिथेच मागा.

त्याआधी, १८७५ च्या निवडणुकीत मिसिसिपीच्या गव्हर्नरने हिंसाचार थांबवायला केंद्राकडे सैन्य मागितलं होतं. राष्ट्राध्यक्ष होते ग्रँट. युद्ध जिंकून देणारे सेनापती, कू क्लक्स क्लानवर सैन्य धाडणारे. त्यांच्या पत्रात एक वाक्य होतं, की दक्षिणेतल्या या दर हिवाळ्याआधीच्या दंगलींना जनता कंटाळली आहे. अ‍ॅटर्नी जनरलने गव्हर्नरला उत्तर देताना नेमकं तेच पुढे केलं. सैन्य आलं नाही.

हे वाक्य वाचून मी थांबलो, कारण ते दुष्ट माणसाचं नाही. उत्तरेतल्या लोकांनी युद्धात पोरं गमावली होती. १८७३ पासून आर्थिक मंदी होती. लोकशाहीत मतदार थकले तर सरकार किती दिवस लष्कर उभं ठेवणार? हा युक्तिवाद खोटा नाही.

पण कंटाळलं कोण होतं? ज्याच्या दारात टोळी येत होती, तो नव्हे. त्याला कंटाळायची सोयच नव्हती. कंटाळून घरी जाता येतं, ते घर सुरक्षित असेल तर.

पुढे १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा मोडीत काढला. रेल्वे, खानावळी, नाट्यगृहं सगळ्यांना खुली ठेवा असं सांगणारा तो कायदा होता. न्यायमूर्ती ब्रॅडलींचं म्हणणं असं, की गुलामीतून सुटलेल्या माणसाने कधीतरी कायद्याचा खास लाडका असणं सोडून साधा नागरिक व्हायला हवं. गुलामी जाऊन तेव्हा १८ वर्षं झाली होती. हार्लन या एकट्या न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं. हे लोक कायद्याचे लाडके कधी नव्हतेच. इतरांना जे आधीपासून आहे तेवढंच त्यांना मिळत होतं, असं त्यांचं म्हणणं. हॉटेलात, थिएटरात शिरण्याचा तो हक्क केंद्राच्या कायद्यात परत यायला १९६४ उजाडलं. ८१ वर्षं.

ब्रॅडलींचा प्रश्न मला ओळखीचा वाटला. आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आरक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अजून किती वर्षं?" मीही म्हटलंय. अमेरिका आणि आपण एक नाही, इथल्या धोरणावर मतभेद असू शकतात. पण मी तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे कसलीही माहिती नव्हती. अन्याय संपला का, हे मी तपासलं नव्हतं. मी फक्त कॅलेंडर बघत होतो.

मला वाटतं, फरक इथेच आहे. "अजून किती?" हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या रोजच्या जगण्यात शोधायचं असतं, आपल्या थकव्यात नाही. थकणं हा गुन्हा नाही. थकव्याला "काम झालं" असं नाव देणं, हा आहे.

फुल्यांचं आभार मानणं चुकलं का? मला नाही वाटत. त्यांनी दाद दिली ती खऱ्याच कामाला. ते अर्धवट सोडलं, ही जबाबदारी सोडणाऱ्यांची.

बग आणि माणसांचे जीव यांची तुलना होऊ शकत नाही, हे कळतं मला. तरीही ते तिकीट मी परत उघडलं. आणि यावेळी चाचणीसाठी एक जुना फोन मागून घेतला.