हिरवळीवरची विद्या

पुण्याजवळच्या मारुंजीच्या उत्तरेला तुकोबांचे देहू आहे आणि आग्नेयेला, मुळा नदीच्या पलीकडे, बालेवाडीची टेनिसची मैदाने. मध्ये उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतून पाहिले तर गाथा आणि रॅकेट यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटतही नाही. पण एका घराण्याचा विचार मी करू लागलो की तो संबंध थेट रक्ताचा निघतो.

१८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची जी गाथा निघाली, तिच्या संपादनावर देखरेख होती शंकर पांडुरंग पंडित यांची. पोथ्या समोर मांडून एकेका शब्दाचा पाठ पारखणारे हे विद्वान १८९४ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची कन्या क्षमा जेमतेम तीन-चार वर्षांची होती. तीच पुढे पंडिता क्षमा राव झाली. तिने संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, ज्या पित्याचा सहवास नीट लाभलाही नाही त्याचे चरित्र श्लोकबद्ध केले, आणि ती टेनिसही निष्ठेने खेळली. तिची मुलगी लीला १९३४ साली विम्बल्डनच्या गवतावर उतरली.

गवताचे मैदान खेळाडूला विचार करायला उसंत देत नाही. मातीवर चेंडू उसळून क्षणभर थांबल्यासारखा वाटतो; गवतावर तो खालीच राहतो, सरपटत पुढे निघतो, आणि गुडघे वाकवून, मनगट घट्ट धरून, रॅकेट जवळजवळ जमिनीला टेकवून त्याला उचलावे लागते. त्या काळी टायब्रेक नव्हता, विजेत्याला बक्षिसाची रक्कमही नव्हती. ती १९६८ मध्ये आली. लीला राव ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध पहिला सेट ४-६ असा हरल्या, दुसरा १०-८ असा खेचून आणला, तिसरा ६-२ ने घेतला, आणि विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरल्या. पुढच्याच फेरीत त्यांचा पराभव झाला. इतिहासाने एवढीच नोंद ठेवली.

माझे मन मात्र दुसऱ्या सेटमधल्या आठ-आठच्या बरोबरीपाशी अडून राहते. एक सेट गेलेला, समोर शेवट दिसत नाही, मोबदल्याचा प्रश्नच नाही, आणि तरीही पुढचा चेंडू पहिल्याइतक्याच आदराने पाहायचा: ही एकाग्रता मला लीलाबाईंच्या आजोबांच्या पाठचिकित्सेची सख्खी बहीण वाटते. फरक एवढाच की संशोधित पाठ छापला जाऊन पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि फटका मारताक्षणीच संपतो. पंधरवड्यात तर त्याच्याखालचे गवतही झिजून माती उघडी पडते. म्हणून आपण पहिल्याला विद्या म्हणतो आणि दुसऱ्याला करमणूक. ही वाटणी मला मान्य नाही. काळाच्या हाती काहीच न लागणाऱ्या कर्मात माणूस जे संपूर्ण अवधान ओततो, त्याचे मोल ग्रंथालयाच्या फळीवरून कसे ठरावे?

क्षमाबाईंनी उत्तरायुष्यात तुकारामचरित्र संस्कृतात रचले. वडिलांनी ज्याचे शब्द पारखले, त्याचे आयुष्य लेकीने छंदात बांधले. लीलाबाईंनी आईच्या कथांवरून संस्कृत नाटके लिहिली. आपण क्रीडेचा रकाना वेगळा ठेवतो आणि वाङ्मयाचा वेगळा. त्यामुळे त्यांचे १०-८ एका पुस्तकात सापडते आणि नाटके दुसऱ्यात. त्या घरात तशी भिंत नव्हती.