दुसऱ्या रांगेचा हिशेब

अमेरिकन गायिका सिसी ह्यूस्टन ७ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी वारल्या आणि बहुतेक मथळ्यांत त्यांच्या नावाला लागूनच त्यांच्या गायिका मुलीचे, व्हिटनीचे नाव आले. लेक जगप्रसिद्ध असली की आईच्या वाट्याला हे यायचेच. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण मुलगी नावारूपाला येण्याच्या कितीतरी आधी सिसींना दुसऱ्या रांगेत उभे केले गेले होते आणि त्याच्याशी व्हिटनीचा काडीचाही संबंध नव्हता. ती रांग रेकॉर्ड कंपन्यांच्या हिशेबवहीने आखली होती. पुढे श्रोत्यांनी तिलाच कानाचा निवाडा मानले, आणि माझा आक्षेप आहे तो यालाच.

सिसी ज्या संगीतात वाढल्या त्यात अशी रांग बसतच नाही. जॉर्जियाहून उत्तरेकडे आलेल्या ड्रिंकार्ड कुटुंबातले हे शेंडेफळ, १९३३ साली न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात जन्मलेले, अगदी लहान वयात भावंडांबरोबर चर्चमध्ये गाऊ लागले. ‘ड्रिंकार्ड सिंगर्स’ हा त्या भावंडांचा चमू १९५७ साली न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवापर्यंत पोहोचला. गॉस्पेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या या भक्तिसंगीतात, मुख्य गायक ओळ टाकतो आणि वृंद तिला उत्तर देतो. मात्र हे उत्तर म्हणजे नुसती री ओढणे नव्हे. वृंद ओळ उचलून धरतो, एखाद्या शब्दावर घोळत राहतो, थांबू पाहणाऱ्या गायकाला पुन्हा गायला लावतो. प्रार्थना रंगात आली की कोण कोणाला गाते ठेवत आहे हे सांगणे अवघड. न्यूअर्कच्या न्यू होप बाप्टिस्ट चर्चमधला तरुणांचा वृंद सिसींनी पन्नासहून अधिक वर्षे घडवला. ते काम ‘साथ’ या सदरात टाकता येणार नाही.

साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टुडिओंनी हीच विद्या उचलली आणि तिला पार्श्वगायन ठरवले. सिसींच्या ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’ या चमूचे आवाज अरेथा फ्रँकलिनपासून जिमी हेंड्रिक्सपर्यंत अनेकांच्या रेकॉर्डवर आहेत. १९६९मध्ये लास व्हेगासला एल्विस प्रेस्लीच्या मागेही हाच चमू उभा होता. अरेथाचे १९६८चे ‘एन्ट नो वे’ जरा कान देऊन ऐकावे. अरेथा शब्दांत विनवणी करते आणि तिच्या कितीतरी वर, शब्दांवाचून, सिसींचा उंच स्वर फिरत राहतो. तो काढून टाकला तर गाणे उरेल, पण निराळे. गीत-संगीत म्हणून नाव कॅरोलिन फ्रँकलिनचे आहे आणि ते रास्तच आहे. प्रश्न उरतो तो त्या वरच्या स्वराचा. अमेरिकेच्या १९९५च्या कायद्याने याचे उत्तर आकड्यांत दिले: डिजिटल रेडिओच्या मानधनातला निम्मा वाटा रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, आणि मागे गाणाऱ्या सगळ्यांना मिळून अडीच टक्के. हे अडीच टक्केही १९७२पूर्वीच्या रेकॉर्डना संघराज्याच्या कायद्याने लागू झाले ते २०१८मध्ये. तेव्हा सिसी ८५ वर्षांच्या होत्या.

यावर कोणी म्हणेल, दर ठरलेला होता, राजीखुशीचा सौदा होता. शिवाय त्यांच्या एकल रेकॉर्डही निघाल्या होत्या. त्या फारशा खपल्या नाहीत, हा श्रोत्यांचाच कौल नाही का? पहिला मुद्दा खरा आहे, पण त्यातून सौदा झाला एवढेच कळते. कामाची किंमत नीट ठरली की नाही, ते कळत नाही. दुसरा मुद्दा अधिक वजनदार. ‘मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया’ सिसींनी आधी गायले, पण १९७३मध्ये पहिल्या क्रमांकावर नेले ते ग्लॅडिस नाइट आणि तिच्या साथीदारांनी. (मूळ गाण्यात विमान होते आणि ते ह्यूस्टनला जायचे, आमची माणसे जॉर्जियाची आणि ती आगगाडीनेच जात, म्हणून आपण बदल सुचवला, असे सिसी सांगत.) एकटीने मंच भारून टाकणे हे वेगळे कसब आहे आणि ग्लॅडिसकडे ते अधिक असेल, हे मान्य. पण तिच्या गाण्यात मागचे पुरुष आवाज क्षणभर बंद करून पाहा: ते बोलतात, टोकतात, गोष्ट पुढे नेतात. सिसींविरुद्ध दिलेला हा दाखला दुसऱ्या रांगेचीच बाजू मांडतो. आणि सिसींना केवळ अन्यायग्रस्त ठरवणेही चुकीचे होईल. भरात असलेला चमू त्यांनी मुलांसाठी सोडला, चर्च कधीच सोडले नाही आणि नव्वदच्या दशकात गॉस्पेलसाठीच दोन ग्रॅमी मिळवली.

शेवटचा आक्षेप उरतो: व्हिटनी नसती तर हे लिहिले तरी कोणी असते? कदाचित नसते. पण व्हिटनी तयार झाली तीही याच रांगेत, आधी आईच्या वृंदात आणि मग आईच्या क्लबमधल्या कार्यक्रमात. रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस याने तिला हेरले ते तिथेच. १९८७च्या ‘व्हिटनी’ अल्बमच्या शेवटी मायलेकींचे द्वंद्वगीत आहे. गाणे ‘चेस’ या संगीतिकेतले, एकाच पुरुषावर जीव असलेल्या दोन बायकांचे. मायलेकींसाठी ही निवड चमत्कारिकच म्हणायची. पण अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेल्या त्या अल्बमवर सिसींचे नाव गाण्याच्या नावाला लागून, सहगायिका म्हणून छापले गेले. वीस वर्षे इतरांच्या गाण्यांना आवाज देऊन जी जागा मिळाली नव्हती, ती आई असल्यामुळे मिळाली.