परसातला एक वाफा



आपल्या वडनेरच्या शिवारात कापूस आणि तूर पिकते. भाजी मात्र आपण बाजारातून आणतो. येत्या राखेच्या बुधवारी परसात भेंडीचा एक वाफा करा. बी रात्रभर भिजवा, शेणखत घाला, ऊन तापू लागले की आळ्यात पाचोळा पसरा.

त्या दिवसापासून पुनरुत्थान रविवारपर्यंत ४६ दिवस होतात. भेंडीच्या पहिल्या तोड्यालाही साधारण तेवढेच लागतात. मातीतले बी दिसत नाही, तरी आपण पाणी घालतोच. श्रद्धा याहून वेगळी नाही. रिकाम्या कबरीपाशी मरिया माग्दालेनाला येशू माळीच वाटला होता.

पहिला तोडा आपल्या ताटात नको. ज्या घराला यंदा कापसाने दगा दिला, तिथे तो गाजावाजा न करता पोचवा.

तुमचा,
फादर