निदण, औषध आणि शेजारी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत आपल्या प्रभूनें सांगितलेला निदणाचा दृष्टांत खेड्यांतील मंडळ्यांस जितका जवळचा वाटतो, तितका तो शहरांतील पंडितांस क्वचितच वाटत असेल. ओळींमध्यें गवत कसें माजतें, आणि निंदणीस उशीर झाला म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची कशी तगमग होते, हें ज्यानें स्वतः अनुभविलें आहे, त्याला त्या दृष्टांतांतील चाकरांची उतावीळ लागलीच पटते. धनी मात्र त्यांस थांबवितो. तो कां थांबवितो, याचा विचार करण्याची आज विशेष गरज आहे. कारण आपल्या शेतकरी बंधूंच्या हातीं आतां खुरप्याच्या जागीं फवारणीचा पंप आला आहे, आणि त्याबरोबर एक प्रश्नही दारांत येऊन उभा आहे: ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या शेतांत विष वापरावें काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तण उपटणें व कीड मारणें यांत पाप आहे, असें शास्त्र कोठेंही सांगत नाहीं. आदामाला बागेची मशागत व राखण करण्यासाठींच ठेविलें होतें. ज्याच्या घरीं चार लेंकरें जेवावयाचीं आहेत, त्यानें उभें पीक किडीच्या स्वाधीन करून हात जोडून बसावें, ही श्रद्धा नव्हे, आळस होय. तसेंच, विद्येचा तिरस्कार करणेंही आपणांस शोभत नाहीं. चांगलें ज्ञान हें देवाचेंच दान आहे. मात्र दानाबरोबर हिशेबही द्यावा लागतो.

मुंबईंत परळच्या शेजारीं भोईवाडा म्हणून एक वस्ती आहे. तेथून थोड्याच अंतरावर हाफकिन संस्था उभी आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार केली, आणि १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम आपल्या स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. मग ती इतरांस दिली. पुढें १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नरवाड्यांत आली. वाचकांनीं ही एवढीच गोष्ट मनांत धरून ठेवावी, कीं ज्या द्रव्यापासून अपाय होण्याचा संभव होता, तें त्या विद्वानानें आधीं स्वतःवर घेतलें.

आतां दुसरी गोष्ट पाहूं. डीडीटी नांवाच्या द्रव्यानें किडे मरतात, हा शोध पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं लाविला, व १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हिंवतापाचे डांस मारून त्या द्रव्यानें असंख्य जीव वांचविले, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु तेंच द्रव्य मातींत, पाण्यांत व प्राण्यांच्या चरबींत वर्षानुवर्षें टिकून राहतें, आणि पक्ष्यांचीं अंडीं त्यामुळें फुटूं लागतात, असें मागाहून दिसून आलें. रेचेल कार्सन या बाईंनीं १९६२ सालीं ग्रंथ लिहून जगास सावध केलें. आपल्या देशांत शेतीसाठीं त्याचा वापर १९८९ सालीं बंद झाला. ज्यास आपण एके काळीं केवळ वरदान मानिलें, त्याचा दुसरा पदर उलगडण्यास अशीं पुष्कळ वर्षें लागलीं.

परंतु सर्वांत मोठा धडा आपल्याच यवतमाळ जिल्ह्यानें दिला आहे. २०१७ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस तेथील कपाशीवर फवारणी करणाऱ्या वीसांहून अधिक मनुष्यांचा विषबाधेनें अंत झाला, व शेंकडों लोक दवाखान्यांत पडले. कित्येकांच्या डोळ्यांस इजा झाली. त्या वर्षीं कपाशी उंच व दाट वाढली होती, बोंडअळीस व इतर किडींस आवरण्यासाठीं दोन-तीन औषधें एकत्र कालवून पुनःपुन्हां फवारलीं जात होतीं, उकाडा होता, आणि तुषार डोक्याच्या वरून अंगावर, तोंडावर व श्वासांत येत होते. सरकारनें चौकशी केली व कांहीं कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या मृतांमध्यें पुष्कळजण दुसऱ्याच्या शेतावर रोजानें पंप वाहणारे मजूर होते.

येथें आपला प्रश्न आपलें खरें रूप प्रकट करतो. हाफकिन यांनीं धोका आधीं स्वतःच्या अंगावर घेतला. आपण तो कोणाच्या पाठीवर देतों? पीक माझें, नफा माझा, आणि विषाचा पंप मात्र त्या मनुष्याच्या पाठीवर, ज्याला आजचा रोज मिळाला नाहीं तर रात्रीं चूल पेटावयाची नाहीं!

त्या वेळीं पुष्कळजण म्हणाले, व अजूनही म्हणतात, कीं दोष मजुरांचाच. त्यांनीं तोंडास फडकें बांधलें नाहीं, हातमोजे घातले नाहींत. ह्या म्हणण्यांत थोडें सत्य आहे, म्हणूनच तें अधिक धोक्याचें आहे. भादव्याच्या उन्हांत अंगभर रबरी पोशाख घालून एक तास पंप मारून पाहावा, मग बोलावें. डब्यावरील सूचना बारीक अक्षरांत असतात, आणि ज्याला त्या वाचतां येत नाहींत, त्याचा सल्लागार बहुधा विकणारा दुकानदारच असतो. कारखानदार म्हणतो, मीं सूचना छापली आहे. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाइकानें मागितलें तें मीं दिलें. शेतमालक म्हणतो, मीं रोज पुरा दिला. असें करतां करतां जबाबदारीचे इतके वांटे होतात, कीं कोणाच्याच पदरांत कांहीं पडत नाहीं. परंतु देवाच्या दरबारीं जबाबदारी वांटल्यानें कमी होत नाहीं. प्रत्येकाला ती सबंध द्यावी लागते. भावाची विचारपूस झाली तेव्हां काइनानें हात झटकले. तो झटकलेला हात देवानें मान्य केला नाहीं.

आतां तणनाशकाकडे वळूं. निंदणीचें काम आपल्याकडे बहुतकरून स्त्रिया करितात. भूमिहीन घरांतील पुष्कळ बायांचा पावसाळ्यांतील आधार तोच. एक मनुष्य सकाळीं पंप घेऊन निघाला, म्हणजे दहा बायांचा रोज बुडतो. उलट पक्षीं, लहान शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. पाऊस उघडला कीं सर्वांना एकाच वेळीं मजूर पाहिजे असतात, मजुरी वाढलेली असते, आणि आठ दिवस उशीर झाल्यास तण पिकास गिळून टाकतें. तो निर्दय आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. ह्याच अडचणीच्या पोटीं, ज्या कपाशीस सरकारची परवानगी नाहीं तें ‘चोरबीटी’ बियाणें लोक लपवून पेरतात, आणि त्यावर ग्लायफोसेट मारतात. २०२२ सालीं केंद्र सरकारनें त्या औषधाच्या वापरावर निर्बंध घालणारा आदेश काढला. फसव्या बियाण्याची पावती नसते, आणि म्हणून तें न उगवल्यास दादही मागतां येत नाहीं; चोरवाटेनें आलेलें सुख असेंच असतें.

मग दृष्टांतांतील धन्याकडे पुनः पाहूं. आपल्या प्रभूनें त्या शेताचा अर्थ जग असा सांगितला आहे. तेव्हां तो दृष्टांत शेतकीचा नियम म्हणून कोणीं वाचूं नये. तरी धन्याचें कारण ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्याला तण आवडत होतें म्हणून त्यानें चाकरांस थांबविलें नाहीं. तणाबरोबर गहूही उपटला जाईल, ही त्याला चिंता होती. माझ्या मतें, हीच कसोटी आपल्या हातांत दिलेली आहे. हें औषध तण मारील काय, एवढेंच विचारून भागत नाहीं. त्या तणाबरोबर आणखी काय उपटलें जाईल? शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी? मजुराचे डोळे? विधवेचा रोज? मधमाशी? ह्या प्रश्नाचें उत्तर कधीं ‘फवारावें’ असें येईल, कधीं ‘थांबावें’ असें येईल. परंतु तो विचारल्यावांचून पंप उचलूं नये.

थांबणें म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. गाजरगवत पुण्याच्या आसपास १९५५ च्या सुमारास प्रथम दृष्टीस पडलें व पुढें देशभर पसरलें. संशोधकांनीं त्याच्या मूळ देशांत, मेक्सिकोंत, त्यावर जगणारा भुंगेरा शोधला, तो आपल्या पिकांस खात नाहीं याची आधीं परीक्षा केली, आणि १९८४ सालीं तो बंगलोरास सोडला. गवत समूळ गेलें नाहीं, तरी पुष्कळ ठिकाणीं त्याचा जोर मोडला. बोंडअळीसाठींही कामगंध सापळे, निंबोळीचा अर्क, आणि हंगाम संपतांच पऱ्हाट्या उपटून शेत मोकळें करणें, हे उपाय शेतकी खात्याचे लोक सांगतात. त्यांत कष्ट अधिक आहेत. परंतु त्यांत कोणाचा बळी जात नाहीं.

आणि जेथें फवारणी करणें प्राप्तच आहे, तेथें उपदेशकांनीं मंडळीस पुढील गोष्टी समजावून द्याव्या. डब्यावरील रंग पाहावा: तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, व हिरवा सर्वांत कमी. औषधें मनानें एकत्र कालवूं नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून, किंवा उपाशीपोटीं, फवारूं नये. रिकामा डबा घरांत वापरूं नये. २०१३ सालीं बिहारांत शाळेच्या जेवणांत कीटकनाशक गेल्यामुळें तेवीस मुलें दगावलीं, हें स्मरावें. औषध कुलपांत ठेवावें, कारण कर्जानें पिचलेल्या बंधूच्या निराशेच्या घटकेस तें हाताशीं नसणें हीही त्याच्यावरील प्रीतीच आहे. बाधा झाल्यास कपडे उतरवून अंग पाण्यानें धुवावें, व डबा बरोबर घेऊन दवाखाना गांठावा. प्रार्थना अवश्य करावी. पण ती वाटेनें जातांना करावी.

भोईवाड्याजवळच केईएम व टाटा हीं मोठीं रुग्णालयें आहेत. गांवोगांवचे आप्त तेथील पदपथांवर आपल्या दुखणाइतांसाठीं बोचकीं उशाशीं घेऊन निजलेले आजही दिसतात. भोई म्हणजे दुसऱ्याचा भार खांद्यावर वाहणारा. येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर प्रत्येक मंडळीनें एवढी चौकशी करावी: आपल्या गांवांत ह्या हंगामांत पंप कोण वाहतो, त्याला पुरें अन्न, पुरें वस्त्र व पुरी माहिती मिळाली आहे काय, आणि नसल्यास ती आपणांपैकीं कोण देणार? प्रभु आपणां सर्वांस शेजाऱ्याचा भार ओळखण्यास डोळे व तो उचलण्यास खांदा देवो.