पडद्यावरची संथा

२०२० च्या जूनमध्ये, जगभरचे वर्ग करोनामुळे ओस पडलेले असताना, अमेरिकेत विवेकानंद योग विद्यापीठाची घोषणा झाली. लॉस एंजेलिसचे हे विद्यापीठ भारताबाहेरचे पहिले योग विद्यापीठ म्हणून गाजले. त्यामागची प्रेरणा बंगळुरूच्या ‘एस-व्यास’ या अभिमत विद्यापीठाची आणि शिकवणे ऑनलाइन. फ्लोरिडातली हिंदू युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका त्याहून जुनी. तिचेही वर्ग आता पडद्यावर भरतात. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेने ‘भारत विद्या’ हे ऑनलाइन व्यासपीठ उभे केले, लोणावळ्याचे कैवल्यधाम ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवीच्या आराखड्यात भारतीय ज्ञानप्रणालीला २ श्रेयांक मिळाले. तेव्हा उपनिषदे आणि योगसूत्रे ऑनलाइन शिकवावीत की नाही, हा वाद आता शिळा झाला. विचार करायचा तो एवढाच, की या शिक्षणातून हाती काय लागते, काय लागत नाही, आणि जे लागत नाही त्याचेही प्रमाणपत्र आपण वाटत तर नाही ना.

गुरूच्या पायाशी बसल्याशिवाय विद्या येत नाही, असे म्हणून या प्रकाराला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. खुद्द उपनिषदे मात्र इतकी ठाम नाहीत. छांदोग्यातला सत्यकाम जाबाल गौतमाकडे शिकायला गेला, तेव्हा गुरूने पहिला पाठ दिलाच नाही. चारशे रोडक्या गाई त्याच्या हवाली केल्या. त्यांच्या हजार होईपर्यंत परतायचे नाही, असे सत्यकामाने स्वतःच ठरवले आणि तो कित्येक वर्षे रानात राहिला. परतीच्या वाटेवर बैलाने त्याला ब्रह्माचा एक पाद सांगितला, अग्नीने दुसरा, हंसाने तिसरा आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने चौथा. सगळा अभ्यासक्रम आश्रमाबाहेर पुरा झाला. गौतमाने त्याचा चेहरा पाहताच ओळखले आणि कोणी शिकवले म्हणून विचारले. सत्यकामाने खरे ते सांगितले, पण पुढे विनंती केली, की आता तुम्हीही सांगा. आचार्यांकडून आलेली विद्याच नीट पोचते. गुरूने तेच पुन्हा सांगितले. नवे काहीच नव्हते आणि गाळलेलेही काही नव्हते.

नवे काही मिळणार नसेल, तर हा पुन्हा शिकण्याचा खटाटोप कशासाठी? उत्तर कथेतच आहे. रानात त्याला माहिती मिळाली. ती त्याच्यात कितपत उतरली, हे पाहणारे माणूस तिथे नव्हते. गुरू जवळ असण्याचे महत्त्व एवढ्यापुरतेच आहे: कोणीतरी आपल्या चेहऱ्याकडे पाहते आणि प्रश्न विचारते.

मराठी मुलखातला दाखला आणखी धीट आहे. तुकोबांना गुरू बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला. पुढे कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडलेल्या संत बहिणाबाईंनाही तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे नवऱ्याला सोसले नाही. त्याने केलेली मारहाण बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवली आहे. तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले ते नंतर, देहूला. ज्यांना पाठशाळेचे दार बंद होते, त्यांच्यापर्यंत विद्या अशी दुरूनच पोचली. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाकारलेला आहे आणि शंकराचार्यांनी भाष्यात ते मान्य केले आहे. आज त्याच भाष्याचा वर्ग तालुक्याच्या गावची शिक्षिका रात्री मुले निजल्यावर ऐकू शकते. प्रवेशअर्जात जातीचा रकाना असलाच, तर तो फीच्या सवलतीसाठी असतो. ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूने बोलायचे झाले तर हा एकच मुद्दा पुरेसा आहे, आणि पाठशाळेच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी तो विसरू नये.

पण दार उघडले म्हणजे आतले सगळे हाती आले, असे होत नाही. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला आत्मज्ञानाच्या पायऱ्या सांगितल्या, त्यांना वेदान्ती श्रवण, मनन आणि निदिध्यासन म्हणतात. कुठल्याही ऑनलाइन पदवीची परीक्षा घ्यायला हीच फूटपट्टी मला सर्वांत चोख वाटते.

श्रवणात पडदा तरबेज आहे. ब्रह्मसूत्रांतले अवघड अधिकरण तीनदा ऐकता येते, व्याख्यान थांबवून मूळ ग्रंथ उघडता येतो, काशीचा पंडित आणि ऑक्सफर्डचा प्राध्यापक एकाच आठवड्यात ऐकता येतो. अर्थात हेच यंत्र कठोपनिषदावरचे व्याख्यान दुप्पट वेगाने ऐकण्याचीही सोय करून देते आणि त्याची हजेरी शंभर टक्के लावते. नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबला होता. त्याच्या कथेवर वेग वाढवण्याचे बटण दाबताना थोडे तरी अडखळायला हवे.

श्रवणातही एक बारकी गोष्ट निसटते आणि ती पाहायची तर वेदपठणाचा ऑनलाइन वर्ग पाहावा. पाठशाळेत संथा देतात, म्हणजे गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य त्याच्यामागून दोनदा म्हणतात. स्वर खाली गेला की मान खाली, वर गेला की वर. सुरुवातीला गुरू मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ही हालचाल करून घेतो. दहा मुले एकदम म्हणत असली तरी चुकलेला आवाज त्याला नेमका ऐकू येतो आणि तो त्याच क्षणी थांबवतो. पडद्यावर हे जमत नाही. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या विलंबाने पोचतो. सगळ्यांनी एकदम म्हटले तर नुसता गलका होतो. म्हणून सगळ्यांना म्यूट करतात. गुरू म्हणतो, थांबतो, दोनदा म्हणायला लागेल एवढा वेळ शांततेत मोजतो आणि पुढची ओळ घेतो. त्या शांततेत आपापल्या घरी कोणी अनुदात्त, म्हणजे खालचा स्वर, चुकवत असेल, तर ती चूक रोज दोनदा घोटली जाते. सहा महिन्यांनी ती पाठ झालेली असते.

आसनांचेही तसेच. समोर ठेवलेल्या फोनला सर्वांगासनातले पाय दिसतात, मानेवर पडलेला भार दिसत नाही. प्राणायामात पोट कसे हलते, हे सैल कुडत्याखाली कळत नाही. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीराच्या आत काय घडते, हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासले. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केले आणि प्रयोग छापले. योगाला आधुनिक विद्याशाखा म्हणून उभे करणाऱ्या या माणसाचा यंत्रावर विश्वास होताच. पण त्या प्रयोगशाळेत यंत्र साधकाच्या जवळ नेले होते, आजच्या वर्गात ते साधक आणि शिक्षक यांच्या मधे उभे आहे. म्हणूनच तत्त्वज्ञान ऑनलाइन आणि क्रिया समक्ष, अशी वाटणी करणाऱ्या संस्था मला जास्त प्रामाणिक वाटतात.

दुसरी पायरी मननाची. इथे दोष माध्यमाचा कमी आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांचा जास्त. मनन म्हणजे युक्तीने तपासणे, आणि आपली दर्शने वाढली ती पूर्वपक्षाच्या, म्हणजे विरोधकाच्या मताच्या, बळावर. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, तेव्हा पहिले प्रकरण दिले चार्वाकाला आणि दुसरे बौद्धांना. विरोधकाचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल इतके नीट मांडायचे आणि मग खोडायचे, हा शिरस्ता होता. आजच्या ‘आध्यात्मिक’ अभ्यासक्रमांत हा विरोधकच पुष्कळदा गायब असतो. पाठाची जागा प्रवचन घेते, आणि परीक्षेत योगसूत्रांचे पाद किती, याला चार पर्याय दिलेले असतात. वैराग्यावरही बहुपर्यायी प्रश्न विचारतात. ज्या परंपरेत वाद ही ज्ञानाची रीत होती, तिच्या नावाने माना डोलावणारे पदवीधर तयार करणे हा त्या परंपरेचा मोठा अपमान आहे. आणि वाद पडद्यावर उत्तम होऊ शकतो. पंधरा जणांचा वर्ग, आठवड्याला एक टिपण, त्यावर शिक्षकाचे शेरे आणि दर वेळी कोणावर तरी चार्वाकाची बाजू लढवण्याची जबाबदारी, एवढे पुरते. अडचण अशी, की पंधरा जणांच्या वर्गाला शिक्षक लागतो आणि शिक्षकाला पगार लागतो. पाच हजार जणांना एकच ध्वनिचित्रफीत पुरते.

तिसरी पायरी निदिध्यासनाची, म्हणजे ऐकलेले आणि तपासलेले अखंड ध्यानाने मुरवण्याची, आणि तिथे विद्यापीठाने नम्र व्हावे. श्रेयांकाचा हिशेब पंधरा तासांना एक असा चालतो. दोन श्रेयांकांची ज्ञानप्रणाली तीस तासांत संपते. अभ्यास दृढ व्हायला पतंजलींनी दीर्घ काळ, सातत्य आणि आदर या अटी घातल्या, पण तासांचा आकडा सांगितला नाही. छांदोग्यातलाच श्वेतकेतू तर बारा वर्षे शिकून, चोविसाव्या वर्षी सगळे वेद आटोपून, ताठ मानेने घरी आला आणि बापाच्या पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर झाला. तो समक्ष शिकला होता, निवासी होता, वेळही भरपूर मिळाला होता. म्हणजे निदिध्यासनाची हमी गुरुकुलालाही देता आली नव्हती. ती ऑनलाइन पदवीकडे मागणे अन्यायाचे, आणि पदवीने ती देऊ करणे लबाडीचे.

मग दुरून शिकणाऱ्याने काय करावे? मला विनोबांचे उदाहरण फार बोलके वाटते. १९१७ मध्ये ते गांधीजींकडून वर्षभराची रजा घेऊन वाईला गेले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, शांकरभाष्य आणि पातंजल योगदर्शन शिकले. हेच शास्त्रीबुवा पुढे केवलानंद सरस्वती झाले. १९१८ च्या फेब्रुवारीत विनोबांनी गांधीजींना पत्राने हिशेब कळवला. त्यात ग्रंथांची यादी होतीच, पण काय खाल्ले, किती चाललो, व्रते कितपत पाळली, लोकांना काय शिकवले, हेही होते. ग्रंथ शिकवणारा वाईला होता आणि ज्याला जाब द्यायचा तो शेकडो मैलांवर साबरमतीला. एका टपालाच्या पत्रावर हे नाते चालले. अंतराने साधनेचे काही बिघडत नाही. कोणी विचारणारेच नसेल, तर मात्र ती आळसावते.

म्हणून आज जे कोणी योग किंवा वेदान्त ऑनलाइन शिकू पाहतात, त्यांनी संकेतस्थळावरची हिमालयाची चित्रे बाजूला ठेवून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मी लिहिलेले कोण वाचणार? माझी चूक कोण आणि किती दिवसांत पकडणार? आणि शिकवलेल्या मताला विरोध केला, तर उत्तर मिळणार की समज? तिन्हींची उत्तरे नावानिशी मिळाली तर खुशाल प्रवेश घ्या, मग विद्यापीठ लॉस एंजेलिसचे असो की लोणावळ्याचे. न मिळाली तर ती व्याख्याने फुकट ऐका, आवडलेला ग्रंथ विकत घ्या आणि गावात संस्कृत जाणणारे कोणी असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. पदवी मिळणार नाही, पण श्रवणाचे पुण्य पदरात पडेल आणि फीचे पैसेही वाचतील.